परत लोटलेलं तबक

सरकारनं मला लाल कोट दिलाय. आमच्या आसामात गावबुढ्याला, म्हणजे गावच्या पाटलाला, देतात तसा, जाड लोकरीचा, पितळी बटणांचा. अठरा वर्षं झाली, बरजुलीचा गावबुढा मीच, दंडीराम कलिता. दाखले द्यायचे, बांधाची भांडणं सोडवायची, साहेब आले की कोट चढवून त्यांच्यापुढे उभं राहायचं. माघ बिहूच्या सणानंतरच्या त्या सकाळी मात्र मला बटणं लावता येईनात. बोटं ऐकेनात. बायको समोर उभी होती. ती म्हणाली, "थंडी फार आहे आज," आणि तिनंच पुढे होऊन बटणं लावली. तिला सगळं कळत होतं. भली बाई आहे.

परवाच आमच्या शिवेवरच्या रस्त्याच्या मोरीखाली सुरुंग फुटला होता. लष्कराची गाडी उडाली, तीन जवान जागच्या जागी गेले. आवाज एवढा झाला की माझ्या गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. काम जंगलातल्या बंडखोर संघटनेचं होतं, हे सांगायला ज्योतिषी नको. संघटनेची पोरं म्हणजे परकी नव्हती, आमच्याच भागातली होती. सुरुवातीला आम्हीच त्यांना मायेनं भात वाढला, खोटं कशाला बोलू? पुढे पुढे वाढायची गरज उरली नाही, ती स्वतःच भांडं उचलून न्यायला लागली.

आदल्या दिवशी दुपारी कॅप्टन बिष्ट माझ्या अंगणात येऊन बसला. पहाडी पोरगा, तिशीही गाठली नसेल. आमच्या भागात येऊन दीड वर्ष झालेलं. आमचं तामोल-पान पहिल्यांदा खाल्लं तेव्हा ओल्या सुपारीनं त्याला दरदरून घाम फुटला होता, कान लालबुंद झाले होते आणि गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून खिदळल्या होत्या. सुरुंगानंतरच्या त्या दुपारी मात्र कुणी हसत नव्हतं.

"गावबुढाजी," तो म्हणाला, "दहा मैलांचा रस्ता आहे. मोऱ्या चौदा. मग तुमचीच मोरी का?"

"आमचं नशीब खोटं."

"नशीब-बिशीब काही नाही. तुमच्या गावातून अजून एकही पोरगा त्यांच्याकडे... म्हणजे एकच गेलाय. त्यांना इथून दहा हवेत. माझे जवान मेले की मी पिसाळणार, तुमची घरं जाळणार, म्हाताऱ्यांना झोडपणार. मग संध्याकाळपर्यंत दहा पोरं आपणहून जंगलात. सुरुंग माझ्यासाठी नव्हता. माझ्या रागासाठी होता."

"मग?"

"मग काय, राग गिळतोय." त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माझे जवान गिळतील का, ते माहीत नाही. मेलेल्यांतला एक माझ्याच गावचा होता. मला फक्त एक माणूस पाहिजे. ज्यानं झाडावर बसून गाडी आली म्हणून इशारा केला, तो. उद्या सकाळी सगळे पुरुष शाळेच्या मैदानात आणा. ओळखणारा मी आणतो."

ओळखणारा म्हणजे काय, ते आम्हाला शेजारच्या गावावरून ठाऊक होतं. संघटनेतून फुटलेला नाहीतर पकडलेला कुणीतरी. डोक्यावरून काळं फडकं, डोळ्यांच्या जागी दोन भोकं. त्याच्यासमोरून एकेकानं जायचं. त्यानं मान हलवली की माणूस गेला. छावणीतून कुणी चार दिवसांनी परत येतो, कुणी लंगडत येतो, कुणी येतच नाही. आणि त्या फडक्यातला कोण होता हे संघटनेला कळलं, तर तो संपला आणि त्याच्या घरचेही संपले. त्यात दया-माया नाही.

तर सकाळी आम्ही मैदानात बसलो. सव्वाशे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, भोवती बंदुका. धुकं अजून वर उठलं नव्हतं. शाळेच्या ओसरीत एका खुर्चीवर तो बसला होता. काळं फडकं, खाकी स्वेटर, हात मांडीवर.

मी तामोल-पानाचं पितळी तबक घेऊन उठलो. गावात आलेल्याला पान द्यायचं, ही आमची रीत. मग तो साहेब असो, चोर असो की जीव घ्यायला आलेला असो. सुभेदार खेकसला, "ए म्हाताऱ्या, कुठे चाललास?"

"पाहुण्यांना पान द्यायला. तुम्हीही घ्या."

कॅप्टननं हात केला, "जाऊ दे त्यांना." त्यानं स्वतः एक घेतलं. सुभेदारानं नाक मुरडून घेतलं. मग मी ओसरी चढून खुर्चीपुढे गेलो आणि तबक पुढे केलं.

त्या माणसानं पान घेतलं नाही. उलट्या हातानं तबक हळूच माझ्याकडे लोटलं, आणि नखानं त्याच्या काठावर दोनदा वाजवलं. टक, टक.

आईशप्पथ सांगतो, पायाखालची ओसरी हलली.

ती लकब माझी होती. सहा वर्षांपूर्वी माझ्याच अंगणात, अगदी अशीच.

बगीतराचा गुणीन. माझ्या घरापासून चौथं घर. बगीतरा विधवा, बदकं पाळून आणि माग चालवून पोराला वाढवलं. पोरगा बिहूत ढोल असा वाजवायचा की म्हाताऱ्यांचेही पाय उचलले जायचे. बाकी काम शून्य. एक दिवस बगीतरा तबकात तामोल-पान घेऊन, नवा गामोसा, आमचा लाल काठाचा पंचा, पांघरून माझ्या दारी आली. माझ्या मुलीला, रुणुमीला, मागणं घालायला. पोरगा फाटकाशी उभा होता, केसांना तेल लावून. तबकातलं पान उचललं की बोलणं सुरू. नको असेल तर माणसं चार गोड शब्द बोलतात, पान खातात, आणि मग कधीतरी निरोप धाडतात. मी तसं केलं नाही. मी लाल कोटवाला ना! मी उलट्या हातानं तबक लोटलं, नखानं काठावर टकटक केलं आणि म्हणालो, "यात ढोल घालून आण, मग बघू पोट भरतं का." बगीतरा काही बोलली नाही. तबक पदराखाली झाकून गेली. महिन्याच्या आत गुणीन जंगलात. आमच्या गावातून गेलेला तो एकटा. रुणुमीच्या मनात काय होतं, ते तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

आणि आता तो माझ्यापुढे बसला होता. सगळ्या गावाला, त्याच्या आईलासुद्धा, तो जंगलातच आहे असं वाटत होतं. आई बिचारी वीस पावलांवर, बायकांत बसली होती. मी त्या भोकांकडे बघितलंच नाही. तबक घेऊन खाली उतरलो आणि जागेवर येऊन बसलो. कोटाच्या आत घामानं सदरा भिजला होता.

रांग सुरू झाली. एकेक जण ओसरीपुढे थांबायचा, टोपी काढायचा, पुढे जायचा. लंबोदर गेला. मास्तर गेले. कोळी गेले. फडकं हललं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होतो, बाबा रे, गावाचा आहेस, गावाचाच राहा.

मग खगेन उभा राहिला. माझा जावई. दवाखान्यात कंपाउंडर आहे, सुई टोचताना स्वतःच डोळे मिटतो असा माणूस. झाडावर चढायचं म्हटलं तर त्याला खालून शिडी धरायला दोघं लागतील. सुरुंग फुटला तेव्हा तो दवाखान्यात एका पोराचं गळू कापत होता. साक्षीला ते पोर, त्याची आई, आणि ते बोंबलणं ऐकणारा अर्धा गाव.

फडकं खाली झुकलं. एकदा. पुन्हा एकदा.

बायकांच्या बाजूनं रुणुमीची किंकाळी आली, बापाला हाक मारणारी. "देउता! देउता, काहीतरी बोला!" दोन जवानांनी खगेनच्या दंडाला धरलं. तो वेड्यासारखा हसला. "अहो, मी कंपाउंडर आहे. साहेब, मी परवा तुमच्या ड्रायव्हरला जुलाबाचं औषध दिलंय." कुणी ऐकेना. पुरुषांच्या रांगेतून एक गुरगुर उठली. विशी-बाविशीतली सातआठ पोरं गुडघ्यांवर उठून बसली, सुभेदारानं बंदुकीचा खटका ओढला. मला कॅप्टनचे कालचे शब्द आठवले. दहा पोरं. ती माझ्या डोळ्यांसमोर तयार होत होती, भाजत घातलेल्या लाह्यांसारखी.

मी काय करायला हवं होतं, सांगा ना! तोंड उघडून म्हणायचं, "साहेब, हा बगीतराचा गुणीन, याला जावयाचा राग आहे, माझा राग आहे"? जावई सुटला असता. आणि सव्वाशे जणांपैकी एक जरी संघटनेचा असता, तर दोन दिवसांत गुणीन मेला असता आणि बगीतराचं घर पेटलं असतं. गप्प बसलो तर खगेन जाणार होता. माझी पोरगी माझ्याकडे बघत होती. एका आईचा मुलगा की माझ्या मुलीचा नवरा! आणि दोघांच्याही गळ्यात फास अडकवला होता तो माझ्याच हातानं, सहा वर्षांपूर्वी, नुसत्या नखानं.

मी कोट काढला. पितळी बटणं एकेक करून, कुणास ठाऊक कशी, पण या वेळी बोटं चालली. कोट जमिनीवर टाकला. खांद्यावरचा गामोसा तबकाखाली घेतला, तबक दोन्ही हातांत धरलं आणि ओसरीकडे निघालो. सुभेदार ओरडला, "थांब!" मी थांबलो नाही. बासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला मारून त्याला काय मेडल मिळणार होतं?

खुर्चीपुढे मी गुडघे टेकले. तबक त्याच्या पायांशी ठेवलं. आणि काठावर नखानं दोनदा वाजवलं. टक, टक.

फडक्यातला श्वास थांबला. मला ऐकू आलं ते.

मग मी मोठ्यानं बोललो, नामघरात, गावच्या प्रार्थनामंदिरात, सगळ्या गावापुढे बोलतात तेच शब्द, कुणाचंही नाव न घेता. "जाणता-अजाणता आमच्या हातून जो अपराध घडला असेल, तो आम्हाला लहान समजून पोटात घालावा, क्षमा करावी." वयानं मी त्याच्या बापासारखा. तरी मी स्वतःला लहान म्हणालो आणि कपाळ फरशीला टेकवलं.

आमच्या नामघरात एकानं असं कपाळ टेकलं की बाकीचे बघत बसत नाहीत. सगळे टेकतात. ते कुणी शिकवावं लागत नाही, पाठीलाच ठाऊक असतं. माझ्या मागे मैदानात एकदम सर्र असा आवाज झाला. सव्वाशे पुरुष आणि तेवढ्याच बायका कपाळ जमिनीला लावून वाकल्या. जवान दचकले. कुणीतरी ओरडलं, "सर, ये क्या कर रहे हैं?" बंदुका वर उठल्या. एकाचं बोट घसरलं असतं तर संपलंच होतं सगळं. कॅप्टनचा आवाज आला, "कुणीही हलायचं नाही. कुणीही नाही!"

मी मान जराशी वर केली.

खुर्चीतल्याचा हात पुढे आला. सरळ हात. उजव्या कोपराला डाव्या हाताचा आधार, वडीलधाऱ्यांकडून घेताना घेतात तसा. लहानपणी बगीतरानं थोपटून शिकवलेला. त्यानं पान उचललं, सुपारीची फोड घेतली, बोटावर चुना घेतला. मग फडकं ओठांपर्यंत वर केलं. हनुवटी दिसली, दाढीचे खुंट वाढलेली, आणि तिच्यावर लहानपणी ढोलावर पडून लागलेली खूण. गावात कुणीही ओळखली असती. पण गावाची कपाळं मातीत होती.

त्यानं खाल्लं, फडकं खाली ओढलं. मग कॅप्टनकडे वळला आणि पहिल्यांदाच बोलला, इतक्या हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं. "चुकलो साहेब. हा नाही. इथे कुणीच नाही."

कॅप्टननं खगेनला सोडायला लावलं, पण तो खुळा नव्हता. मला शाळेमागे नेलं.

"कोण आहे तो?"

"तुमचा माणूस. तुम्हीच सांगा."

"दोन महिने माझ्याकडे आहे. माझ्याशी दहा वाक्यंही बोलला नाही. तुमच्याशी दोन मिनिटांत काय बोलला?"

"तो नाही, मी बोललो. क्षमा मागितली."

"कशाबद्दल?"

"आमच्यात यादी देऊन क्षमा मागत नाहीत, साहेब."

"मी आज नुसत्या मानेवर विसंबून त्या कंपाउंडरला उचलणार होतो," तो म्हणाला. "आणि उद्यापासून या गावात मला कुणी पाणी दिलं नसतं."

"पाणी दिलं असतं. पान दिलं नसतं."

त्याला हसू आलं नाही. म्हणाला, "वर काय कळवू? तीन जवान गेले आणि मी सुपारी खाऊन परत आलो?" गाड्या गेल्या. गावातून एकही माणूस गेला नाही, ना छावणीत, ना जंगलात. इशारा करणारा कोण होता, ते मला आजही माहीत नाही.

पण गोष्ट तिथे संपली नव्हती, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी संघटनेच्या दोन सायकली आल्या. अंगावर शाली, शालीखाली काय ते विचारायचं नाही. मी पान पुढे केलं. त्यांनी घेतलं.

त्यातला थोरला काकाला विचारावं तसं म्हणाला, "खुडा, फडक्यातला कोण होता?"

"चेहरा झाकलेला होता."

"तुम्ही गुडघे टेकलेत म्हणे. अनोळखी माणसापुढे?"

"ज्याच्या हातात माझ्या जावयाची मान, त्याच्यापुढे टेकले. तुमच्या हातात असेल तर तुमच्यापुढेही टेकीन. टेकू?" रागानं माझा आवाज चिरकला. तो जरा वरमला.

मग ते घरोघरी हिंडले, मला बरोबर घेऊन. लंबोदर कान कोरत बसला होता. "कपाळ मातीत होतं बाबा. मातीत काय दिसणार? मुंग्या दिसल्या." मास्तर म्हणाले, तेच. कोळी म्हणाले, तेच. आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं! खगेनकडे गेले तेव्हा मात्र माझा जीव टांगणीला लागला. त्याच्यावर मान हलली होती. एवढ्या गावातून नेमका आपणच का, याचा विचार त्यानं तीन रात्री केला असणार, आणि तो कंपाउंडर असला तरी बावळट नाही.

"कुणी अडकवलं असं वाटतं तुला?" थोरल्यानं विचारलं.

खगेननं एकदा माझ्याकडे बघितलं. मग रुणुमीकडे. "मला काय ठाऊक? त्यानंच तर सोडवलं," तो म्हणाला आणि बाटल्या पुसायला लागला.

शेवटचं घर बगीतराचं. ती अंगणात बदकांना कोंडा टाकत होती. मैदानातली ती टकटक तिनंही ऐकली असणार. तिचा चेहरा वाचता आला असता कुणालाही, असं मला वाटत होतं. आईच ती.

त्यांनी तोंड उघडायच्या आतच तीच उठून लगबगीनं पुढे आली. "या रे बाबांनो, या! माझा गुणीन तुमच्याबरोबर आहे ना? किती महिने झाले, निरोप नाही. जेवतो का वेळेवर? बरा आहे ना?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पोरगा आपल्याकडून निसटलाय आणि कुठे आहे ठाऊक नाही, हे आईला सांगायचं तर स्वतःचीच अब्रू जाणार. थोरला खाकरला, मावशीशी बोलावं तसं म्हणाला, "बरा आहे, माही. लांब आहे, पण बरा आहे."

"देव तुमचं भलं करो," ती म्हणाली आणि पुन्हा बदकांकडे वळली.

सायकली बांबूच्या बेटाआड दिसेनाशा होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. सहा वर्षांत मी त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. बगीतरानं कोंड्याचं सूप झटकलं. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "त्यानं पान खाल्लं का?"

"खाल्लं."

"चुना किती घेतला?"

मला हुंदकाच फुटला, या वयात. "बोटभर," मी म्हणालो.

"लहानपणापासून तसाच," ती म्हणाली. "तोंड पोळलं असेल मेल्याचं." आणि ती आत गेली, सहा वर्षांपूर्वीचं तेच तबक घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढे धरलं.